कॉइल किती रुंद घ्यायची? छताचे पत्रे रोल करायला निघालेल्या नवख्यांसाठी

कॉइलची, म्हणजे सपाट पत्र्याच्या गुंडाळीची, रुंदी गोडाऊनमध्ये उभं राहून ठरवायची नसते. तिथे जी स्वस्त पडलीय ती ट्रकमध्ये टाकायची आणि मग घरी येऊन मशीनमध्ये बसते का बघायचं, असं करणारे भरपूर आहेत, मीही त्यातलाच एक होतो, म्हणून सांगतोय. सिन्नरला आमचं छोटं युनिट आहे, एक रोल फॉर्मिंग मशीन (रोलमधून पत्र्याला घड्या पाडणारं), एक शिअर (पत्रा कापायचं), एक बेंडिंग मशीन आणि चार माणसं. नवीन मशीन घेतलेल्या पोरांचे फोन येतात, "दादा, बाराशेची घेऊ की साडेबाराशेची?" मी विचारतो तुमच्या मशीनची फीड किती आहे, की समोर शांतता. मग "थांबा, बघून सांगतो". अरे बाबा, हे बघून सांगतो मशीनचा अॅडव्हान्स द्यायच्या आधी व्हायला पाहिजे होतं.

हिशोब उलटा चालतो हे डोक्यात बसवा. आधी छत, मग छताला लागणारं कव्हर, मग प्रोफाइल म्हणजे पत्र्याच्या घड्यांचा आकार, मग तो प्रोफाइल सपाट उलगडला तर किती रुंद होतो ते, आणि सगळ्यात शेवटी कॉइल. मशीन आधीच घेतलं असेल तर प्रोफाइल आणि फीड ठरून गेलेलं असतं, तुमच्या हातात फक्त एवढंच उरतं की बरोबर कॉइल आणायची.

आधी तीन रुंद्या वेगळ्या करा

एकाच पत्र्याला तीन रुंद्या असतात आणि बाजारात तिन्ही एकमेकांत मिसळून बोलल्या जातात, निम्मे घोळ इथेच होतात.

फीड विड्थ म्हणजे मशीनच्या तोंडात जाणाऱ्या सपाट पत्र्याची रुंदी, म्हणजेच कॉइलची रुंदी. ओव्हरऑल विड्थ म्हणजे मशीनमधून बाहेर आलेल्या पत्र्याची या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी. आणि कव्हर विड्थ म्हणजे शेजारचा पत्रा चढवल्यावर एका पत्र्याने छताची खरी किती जागा झाकली ते. आपल्याकडचा जो नेहमीचा ट्रॅपेझॉइडल पत्रा आहे, शेडवर, गोठ्यावर, गॅरेजवर सगळीकडे दिसतो तो, त्याचा साधारण हिशोब असा: १२२० मिमी फीड, १०७० च्या आसपास ओव्हरऑल आणि १००० किंवा त्याच्या थोडंसं वर कव्हर.

गिऱ्हाईक याला "साडेतीन फुटी पत्रा" म्हणतं. १०७० मिमी म्हणजे साडेतीन फूटच, त्यामुळे तो खोटं बोलत नाहीये, पण तो ओव्हरऑल बोलतोय आणि छत झाकतं कव्हर. साठ फुटी शेड असेल तर तो घरी बसून साठ भागिले साडेतीन करतो, सतरा पूर्णांक काहीतरी येतं, म्हणजे अठरा पत्रे. खरं कव्हर १००० मिमी धरलं तर साठ फूट म्हणजे १८.२९ मीटर, पत्रे लागतात एकोणीस. एका बाजूच्या उतारावर एक आणि दुसऱ्या बाजूच्या उतारावर एक, असे दोन पत्रे कमी पडतात, फिटर लोक वर चढून बसलेले असतात आणि फोन तुम्हाला येतो. म्हणून कोटेशनवर तिन्ही रुंद्या लिहा, कव्हर सगळ्यात ठळक.

पायरी पहिली: छत मोजा, आणि शक्य असेल तर छतच जरा हलवा

पत्रे ज्या दिशेने एकाशेजारी एक बसतात ती लांबी मोजायची, म्हणजे रिजच्या (छताच्या माथ्याच्या) दिशेची. तिला कव्हरने भागा. वरच्याच उदाहरणात १८ पत्रे बसून २९ सेंटिमीटर उरतात, त्यासाठी एकोणिसावा पत्रा उभा कापायचा आणि त्याचा ७० सेंटिमीटरचा तुकडा बाजूला पडणार. आता शेडचे कॉलम अजून उभे व्हायचे असतील तर फॅब्रिकेटरला सांगा की साठ नको, एकोणसाठ फूट कर. ५९ फूट म्हणजे १७.९८ मीटर, अठरा पत्र्यांत बरोबर बसतं. एक फुटाने शेड लहान झाली म्हणून कोणाचा ट्रॅक्टर बाहेर राहत नाही. पण हे विचारायची वेळ कॉलमच्या आधी, नंतर नाही.

कव्हर जास्त मिळावं म्हणून रुंद कॉइलचा प्रोफाइल घ्यावा का, हा प्रश्न इथेच येतो. रुंद पत्रा म्हणजे कमी जोड, कमी स्क्रू, काम पटकन, हे सगळं खरं आहे. पण रुंद पत्र्यात दोन रिबमधला (रिब म्हणजे पत्र्याची वर उठलेली घडी) सपाट भाग मोठा ठेवला तर तो ऊन लागल्यावर लाटा मारतो, पातळ पत्र्यात तर दुपारी बाराला लांबून दिसतं. आणि वर चालणारा माणूस नेमका त्या सपाटावर पाय ठेवतो. त्यामुळे फक्त कव्हरच्या आकड्यावर भाळू नका, रिब किती आहेत आणि किती उंच आहेत तेही बघा.

पायरी दुसरी: प्रोफाइल उलगडा

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे त्यामुळे इथे जरा थांबू. कागद पेन घ्या.

समजा प्रोफाइल असा आहे: कव्हर १०००, रिब ते रिब अंतर म्हणजे पिच २५०. रिबची उंची २८ मिमी, रिबचा माथा २८ मिमी रुंद, पाया ६८ मिमी. एका पत्र्यात पाच रिब, त्यातली दोन टोकांची ओव्हरलॅपची, म्हणजे एका पत्र्याची शेवटची रिब दुसऱ्याच्या पहिल्या रिबवर चढणार.

रिबची एक तिरकी बाजू काढायची. पाया ६८ वजा माथा २८ म्हणजे ४०, दोन बाजूंना वाटला तर २० मिमी आडवं. उभं २८. शाळेतलं पायथागोरस इथे पहिल्यांदा पैसे मिळवून देतं: २० चा वर्ग ४००, २८ चा वर्ग ७८४, बेरीज ११८४, त्याचं वर्गमूळ ३४.४. म्हणजे वरून बघितलं तर २० मिमी दिसणाऱ्या उताराला पत्रा ३४.४ मिमी लागतो. एका रिबचा पूर्ण उलगडा: ३४.४ अधिक २८ अधिक ३४.४, म्हणजे ९६.८ मिमी. पाच रिबचे झाले ४८४.

आता मधले सपाट भाग, ज्याला आपण पॅन म्हणतो. पिच २५० वजा पाया ६८ म्हणजे १८२, असे चार पॅन, ७२८ मिमी. एकूण १२१२.

पॅनमध्ये बारीक खाचा असतात, स्टिफनर, त्या विसरू नका. ३ मिमी खोल आणि २० मिमी रुंद अशी एक खाच साधारण ०.९ मिमी पत्रा खाते, प्रत्येक पॅनमध्ये दोन धरल्या तर आठ खाचांचे ७ मिमी. झाले १२१९.

इथे बरेच जण खूष होऊन थांबतात, वा, १२२० ला बरोबर बसलं. पण आपण सगळे कोपरे टोकदार धरून मोजलेत आणि रोलमधून निघणारा कोपरा गोल असतो, गोलाईने पत्रा थोडा शॉर्टकट मारतो. ३ मिमी रेडिअसला या कोनात एका बेंडमागे पाव मिमीच्या आसपास वाचतं, किरकोळ वाटतं, पण पाच रिबचे वीस बेंड आहेत, साडेचार ते पाच मिमी होतात. म्हणजे खरी गरज १२१४ च्या जवळ. १२२० ची कॉइल घातली तर पाचसहा मिमी उरतात, ते दोन्ही काठांच्या लिपवर, म्हणजे टोकाच्या रिबपलीकडच्या बारीक पट्टीवर, जातात, आणि तेवढी लिप असलेली बरीच. अंगाबरोबर शिवलेला सदरा नको, जरा ढील हवी.

जुना नालीदार पत्रा करत असाल, तीन इंच पिचचा, तर तिथे तिरक्या बाजू नाहीत, सगळी लाटच आहे. पाऊण इंच खोलीला लाटेमुळे साधारण १३ ते १४ टक्के पत्रा जास्त लागतो, म्हणून तीन फुटी म्हणजे ९१४ चा सपाट पत्रा नाली पडून ८०० च्या आसपास येतो.

हिशोबावर विश्वास नसेल तर मास्किंग टेप

ड्रॉइंग नसेल, किंवा दुसऱ्याच्या प्रोफाइलसारखा प्रोफाइल हवा असेल आणि हातात फक्त पत्र्याचा तुकडा असेल, तेव्हा आमचे ऑपरेटर मामा जे करतात ते करा. मामांनी कॅड कधी उघडलेलं नाही. ते पत्र्याचं टोक स्वच्छ पुसतात, अर्ध्या इंची मास्किंग टेप एका काठापासून सुरू करतात आणि नखाने दाबत दाबत, प्रत्येक कोपऱ्यात नख घालून, दुसऱ्या काठापर्यंत चिकटवतात, न ताणता. प्रत्येक बेंडवर बॉलपेनने बारीक रेघ. मग टेप अलगद सोलून टेबलावर सरळ चिकटवायची आणि मेजर टेपने मोजायची. एकूण फीड तर मिळतेच, शिवाय रेघांमधली अंतरं म्हणजे प्रत्येक बेंड कुठे येतो तेही मिळतं. पहिल्यांदा मी हसलो होतो, मग माझ्या आकड्यात आणि मामांच्या टेपमध्ये २ मिमीचा फरक निघाला, आणि चूक माझी होती, मी एक स्टिफनर मोजायचा विसरलो होतो.

दोरा वापरू नका, तो कोपऱ्यात आत जात नाही, वरून ओलांडतो आणि आकडा कमी येतो. आणि टेप तीन ठिकाणी लावून बघा, पत्र्याच्या अगदी टोकाला प्रोफाइल थोडा फाकलेला असतो, त्यामुळे टोकापासून हातभर आत मोजलेलं बरं.

पायरी तिसरी: मशीनला विचारा

तुमचा हिशोब काहीही सांगो, मशीनचे रोल ज्या फीडवर डिझाइन झालेत तीच खरी. मशीनवाल्याकडून लेखी घ्या: फीड विड्थ, जाडी कितीपासून कितीपर्यंत, आणि मटेरियलची स्ट्रेंथ. बाहेरून आलेली, विशेषतः चिनी मशीन बऱ्याचदा १०००, १२०० किंवा १२५० फीडवर बनलेली असतात आणि आपल्या बाजारात कलर कोटेड सगळ्यात सहज मिळते ती १२२०, म्हणजे चार फूट. मशीन स्वस्तात आलं म्हणून १२५० चं घेतलं आणि मग प्रत्येक वेळी १२५० ची कॉइल शोधत फिरायचं, हव्या त्या रंगात हव्या त्या जाडीत मिळेल तेव्हा मिळेल. म्हणून मशीन अजून घेतलं नसेल तर आधी कळंबोलीच्या स्टील मार्केटला एक चक्कर मारा, किंवा तुमच्या गावच्या डीलरला विचारा की कायम काय उभं असतं, आणि त्या रुंदीवर मशीन बनवून घ्या.

जाता जाता डिकॉइलरचं, म्हणजे कॉइल ज्याच्यावर चढवून सोडतात त्याचं, पण बघून घ्या. कॉइलचं आतलं भोक ५०८ मिमी असतं किंवा ६१० मिमी, तुमचा डिकॉइलर दोन्हीला फुलतो का, आणि किती टन उचलतो. पाच टनी डिकॉइलरवर सात टनाची कॉइल आली तर हायड्रा क्रेनवाला ती खाली ठेवून निघून जाईल, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

अरुंद घातली तर काय होतं, हे मी भोगलंय

धंद्याचं पहिलं वर्ष. एका ट्रेडरकडे १२०० ची कॉइल पडून होती, रंग तोच, जाडी तीच, टनामागे चांगला भाव सोडत होता. "वीस मिमीने काय होतंय, गाइड सरकवा, निघतो पत्रा." आणि निघतो हो, तेच तर वाईट आहे. मशीन कुरकुर करत नाही, पत्रा छान चकचकीत बाहेर येतो, थप्पी लागते. आम्ही गाइड, म्हणजे पत्रा मशीनमध्ये सरळ जावा म्हणून तोंडाशी असलेले आडोसे, मधोमध केले, म्हणजे दोन्ही काठांना थोडं थोडं कमी.

तो माल निफाडकडच्या एका कांदा चाळीवर गेला. वरचा हिशोब आठवा: गरज १२१४ ची, कॉइल १२००, म्हणजे दोन्ही काठांना सातसात मिमी तोकडं. वरच्या पत्र्याची लिप खालच्या पॅनपर्यंत टेकलीच नाही, अर्ध्या सेंटिमीटरची फट राहिली. आणि खालच्या पत्र्याचा जो आतला पाय असतो, ज्याच्यावर वरची रिब बसते, तोही तोकडा. फिटर रिबवरून चालला की ती रिब दबायची आणि जोड उघडायचा. पहिला पाऊस सरळ पडला तेव्हा काही झालं नाही, मला वाटलं सुटलो. दुसरा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा आला, त्या फटीतून पाणी वर चढलं, आणि खाली साठवलेला उन्हाळ कांदा. कांदा भिजला की काय होतं ते नाशिक जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. शेतकऱ्याने मला शिव्या नाही दिल्या, नुसतं चाळीत नेऊन वास दाखवला. सगळे साइड जोड उघडून बुटाइल टेप लावून परत स्टिचिंग स्क्रू मारले, पाच पत्रे बदलले, आणि कॉइलमध्ये जे वाचवलं होतं त्याच्या कितीतरी पट गेलं.

त्या ट्रेडरची चूक काढत नाही मी, त्याने बाराशे सांगून बाराशेच दिली होती.

रुंद घातली तर उलटं दुखणं. १२५० ची कॉइल १२१४ च्या प्रोफाइलमध्ये म्हणजे ३६ मिमी जास्तीचे, दोन्ही काठांना अठरा अठरा. या जास्तीच्या काठाला रोल पकडतच नाही, तो मोकळा लटकतो आणि लाटा मारत बाहेर येतो. छतावर लिप पॅनला टेकून वर दबते, जोड नीट बसत नाही, थप्पीत पत्रे एकात एक जात नाहीत, ट्रकमध्ये निम्मा माल आणि वरती हवा. एकदोनदा तर एन्ट्री गाइडमध्येच काठ घासून पेंट सोलला गेलेला मी बघितलाय. बारा महिने १२५० च वापरायची असेल तर स्लिटिंगवाल्याकडून (कॉइल लांबीत चिरून अरुंद करून देणारा) ३० मिमी कापून घ्या, पण ३० मिमी म्हणजे २.४ टक्के, पाच टनी कॉइलमागे १२० किलो पट्टी भंगारात. तो भंगाराचा भाव आणि स्लिटिंगचा खर्च धरूनही परवडत असेल तरच.

पायरी चौथी: कॉइल उतरवायच्या आधी मोजा

स्टिकरवर १२२० लिहिलंय म्हणून १२२० नसते. मिल साधारणपणे रुंदीला प्लसमध्ये सूट ठेवते, मायनसमध्ये नाही, त्यामुळे मिल एजची, म्हणजे काठ न कापलेली, कॉइल दोनचार मिमी जास्त निघाली तर दचकू नका. पण कमी निघाली तर ती मधे कुठेतरी स्लिट झालेली आहे किंवा दुसऱ्याच साइजची आहे, परत पाठवा. ट्रकवरच मोजा, स्टीलच्या मेजर टेपने, कॉइलच्या तोंडावर नाही तर बाहेरचा एक वेढा मोकळा करून सपाट पत्र्यावर, दोन तीन जागी. कॉइलच्या तोंडावर मोजलं तर वेढे मागेपुढे सरकलेले असतात आणि आकडा जास्त दिसतो.

कापलेली कॉइल असेल तर काठाची बर, म्हणजे कापताना उठलेली धार, बघा. बोट फिरवू नका, कापतं, नखाची पाठ फिरवा किंवा कापसाचा बोळा, अडकला की कळतं. बर असेल तर थप्पीत शेजारच्या पत्र्याच्या रंगावर ओरखडे. आणि कॅम्बर, म्हणजे पत्र्याचा काठ तलवारीसारखा वाकलेला असणं. तीनेक मीटर पत्रा जमिनीवर सोडा, काठाला दोन टोकांना दोरी ताणून धरा, मध्ये फट दिसली की समजा पत्रा मशीनमध्ये एका बाजूला पळणार, आणि मग रुंदी बरोबर असूनसुद्धा एका काठाची लिप बारीक आणि दुसऱ्याची जाड.

रंगाची बाजू पण इथेच बघून घ्या. ट्रॅपेझॉइडल पत्र्याची दोन्ही टोकं सारखी नसतात, त्यामुळे कॉइल उलटी चढवली, म्हणजे मागचा पांढरट बॅककोट वर आला, तर "फिरवून लावू" हे चालत नाही. डिकॉइलरवर पत्रा वरून सोडायचा की खालून, हे पहिल्या कॉइलला नीट उभं राहून ठरवा आणि मशीनवर मार्करने बाण काढून ठेवा.

वजनाचा हिशोब, नाहीतर डीलर शिकवेल तो

कॉइल किलोने येते आणि पत्रा मीटरने किंवा फुटाने जातो, मधला पूल म्हणजे रुंदी गुणिले जाडी. सगळे पाठ केल्यासारखं करतात: ०.५० गुणिले १.२२ गुणिले ७.८५ बरोबर ४.७९ किलो मीटरला. ७.८५ ही लोखंडाची घनता आहे. पण कलर कोटेडवर लिहिलेलं ०.५० हे बऱ्याचदा टीसीटी असतं, म्हणजे सगळं धरून एकूण जाडी, त्यात वरचा रंग आणि झिंक किंवा अल्युमिनियम-झिंकचं कोटिंग पण आलं, आणि रंग व अल्युमिनियम-झिंक लोखंडापेक्षा कितीतरी हलके. चौरस मीटरला १५० ग्रॅमचं अल्युमिनियम-झिंक कोटिंग दोन्ही बाजूंचं मिळून ०.०४ मिमी जागा घेतं, रंग अजून ०.०३ च्या आसपास. आत लोखंड, म्हणजे बीएमटी, राहिलं ०.४३. मग मीटरला वजन येतं ४.३६ च्या जवळपास.

पाच टनी कॉइलमध्ये पहिल्या हिशोबाने १०४४ मीटर, दुसऱ्याने ११४७ मीटर. शंभर मीटरचा फरक, नऊ-दहा टक्के. हा फरक तुमच्या बाजूने पडतो की तुमच्या विरुद्ध हे तुम्ही कोणत्या आकड्याने रेट काढला त्यावर आहे. म्हणून खरेदी करताना विचारा टीसीटी की बीएमटी, बिलावर लिहून घ्या, आणि पहिल्या कॉइलचा एक मीटर कापून काट्यावर टाका. मायक्रोमीटर घेतलात तर काठापासून वीसपंचवीस मिमी आत मोजा, अगदी काठावर पत्रा पातळ असतो.

वेगवेगळे प्रोफाइल ताडून बघायचे असतील तर फीड भागिले कव्हर करा. १२२० भागिले १००० म्हणजे १.२२. तेच कोणी उंच रिबचा प्रोफाइल दाखवला, फीड १२२० आणि कव्हर ९००, तर १.३६. म्हणजे छताच्या प्रत्येक चौरस मीटरला तेवढं जास्त लोखंड. उंच रिब ताकदीची असते, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे आधार) लांब लांब ठेवता येतात, कमी उताराच्या छताला चांगली, पण शेजारच्या गोठ्याला ती कशाला.

स्लिटिंग आणि फ्लॅशिंग, इथे खरा पैसा वाचतो

नवीन माणूस सगळं लक्ष पत्र्यावर ठेवतो आणि फ्लॅशिंग, म्हणजे रिज, कॉर्नर, गटर यांचे जोडपत्रे, हे "उरलेल्यातून करू" म्हणतो. उरत काही नाही. १२२० च्या कॉइलला सपाट उलगड्याच्या भाषेत बघा: दोन भाग केले तर ६१०, तीन केले तर ४०६, चार केले तर ३०५, पाच केले तर २४४. तुमचे सगळे फ्लॅशिंग या आकड्यांत बसवा. रिज ६१० मध्ये, कॉर्नर ४०६ मध्ये, ड्रिप आणि बारीक पट्ट्या ३०५ किंवा २४४ मध्ये. ड्रॉइंगवाल्याने रिज ६३० चा काढला तर एका पट्टीत ६३० जातात आणि उरलेली ५९० दुसऱ्या रिजला पुरत नाही. वीस मिमीसाठी अर्धी कॉइल अडकते. त्याला फोन करून सांगा, दोन्ही बाजूंचे दहा दहा मिमी कमी कर, काही बिघडत नाही.

स्टँडिंग सीमचं, म्हणजे उभे काठ एकमेकांत घडी घालून जोडायच्या पत्र्याचं, काम आलं तर तिथेही हाच हिशोब कामाला येतो, ६१० ची अर्धी कॉइल घेतली तर दोन्ही उभ्या काठांत आणि त्यांच्या घडीत शंभरेक मिमी जातात, कव्हर पाचशेच्या आसपास उरतं. मात्र स्टँडिंग सीमला मधला सपाट भाग लांबलचक असतो, लाटा दिसण्याची भीती तिथे सगळ्यात जास्त, त्यामुळे अरुंद पॅन घेतलेला बरा आणि पत्रा जरा जाड.

कोकणात, समुद्राजवळ, कापलेला काठ उघडा ठेवू नका. झिंक आजूबाजूने थोडंफार सांभाळतं, पण खारी हवा आणि कायम ओला काठ असला की गंज काठातूनच आत सरकतो. तिकडे जाणाऱ्या मालाला शक्यतो मिल एज, आणि फ्लॅशिंगचा काठ आत दुमडलेला, म्हणजे हेम. आता हेमला दोन्ही बाजूंना दहा बारा मिमी लागतात, ते उलगड्यात आधीच धरा.

पायरी पाचवी: पहिले पाच पत्रे

पूर्ण ऑर्डर काढू नका. पाच पत्रे काढा, तीन तीन मीटरचे, युनिटच्या फरशीवर एकावर एक लॅप करून मांडा आणि पाचांचं मिळून कव्हर मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये. ५००० यायला पाहिजे. एक पत्रा मोजून कळत नाही, २ मिमीची चूक टेपच्या हुकात लपते, पाचांत ती १० मिमी होऊन बाहेर येते. तीस पत्र्यांच्या शेडवर तीच ६० मिमी.

कव्हर जास्त आलं तर बहुतेक स्प्रिंगबॅक. ५५० एमपीएचा हाय टेन्साइल पत्रा वाकवल्यावर परत जास्त उघडतो, २४० चा मऊ पत्रा तेवढा नाही. त्यामुळे मऊ कॉइलवर सेट केलेल्या मशीनवर हाय टेन्साइल घातली की फीड तीच असून प्रोफाइल फाकतो, रिबची उंची कमी होते. शेवटच्या स्टँडचे, म्हणजे मशीनमधल्या शेवटच्या जोडीचे, रोल जरा दाबून बघा. दोन्ही लिप कमी, तर कॉइल परत मोजा. कव्हर बरोबर पण एकच लिप तोकडी, तर एन्ट्री गाइड सरकलाय, किंवा कॅम्बर.

मग लिप डोळ्यांजवळ नेऊन बघा. वरची लिप खालच्या पॅनला टेकायला हवी, टेकून वर उचलली जायला नको. पोस्टकार्डाचा कागद फटीत सरकवून बघा, सहज आत गेला आणि बाहेर आला तर जोड ढिला आहे. आणि रिबवर एक माणूस उभा करा, आमच्याकडे हे काम माझं असतं कारण सगळ्यात वजनदार मीच.

साइटवर फिटरला दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, पाच पाच पत्र्यांनंतर वर रिजला आणि खाली गटरला दोन्हीकडे टेप लावायची, कारण पत्रा बसवताना ताणला किंवा दाबला जातो आणि वर खाली आकडा वेगळा आला की पत्रे पंख्यासारखे फिरतात. दुसरी, लॅपचं तोंड पावसाळी वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायचं. आपल्याकडे पावसाचा वारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो, म्हणून बसवायला सुरुवात वाऱ्याच्या आडोशाच्या टोकापासून करायची आणि वाऱ्याकडे सरकत जायचं, म्हणजे प्रत्येक नवीन पत्रा आधीच्याच्या वर चढतो आणि जोडाच्या तोंडात वारा थेट शिरत नाही. फिटरला उलटं सोपं पडत असेल, ट्रक त्या बाजूला उभा असेल, तरी ट्रक फिरवायला लावा.

आणि प्रत्येक कॉइलमधला वीतभर तुकडा कापून त्यावर मार्करने तारीख, मोजलेली रुंदी, मायक्रोमीटरची जाडी आणि पार्टीची चिठ्ठी नंबर लिहून खिळ्याला अडकवा. आमच्या भिंतीवर असे दीडशेएक लटकतायत, पहिला त्या बाराशेच्या कॉइलचाच आहे.